सेवकरामच्या नावावर

सेवकरामने बादलीत दोन मुठी मीठ टाकलं, हाताने ढवळलं आणि अंडं सोडलं. अंडं तरंगलं, म्हणजे मीठ पुरेसं झालं. त्याने साहेबांकडे पाहिलं.

दिघोरीच्या ग्रामपंचायतीसमोर चाळीस-पन्नास माणसं जमली होती. बाया भिंतीला लागून, डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभ्या होत्या. शेतकी खात्याचे साहेब भंडाऱ्याहून आले होते. गेल्या उन्हाळ्यात शहापूरला शेतकऱ्यांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्या प्रशिक्षणाच्या हजेरीवहीत दिघोरीचं एकच नाव होतं, सेवकराम. हा माणूस खरंच गेला होता की नाव नुसतं कागदावर चढवलं होतं, एवढंच साहेबांना पाहायचं होतं. म्हणून त्यांनी त्याला सांगितलं होतं, मिठाच्या पाण्यात बियाणं कसं निवडतात ते सगळ्यांसमोर करून दाखव.

ग्रामसेवक ताराचंद साहेबांच्या मागे उभा होता. सावलीत असूनही तो सारखी मान पुसत होता.

सेवकरामने सुपातलं धान बादलीत ओतलं. चार-दोन फोलं वर आली, बाकी सगळं तळाला गेलं. बियाणं चोख असल्याचं त्याने सांगितलं. लोक माना डोलवू लागले. यादोराव पाटलाने तर शेजाऱ्याला विचारलंही, की मीठ दोन मुठीच टाकलं ना. साहेबांनी बादलीत वाकून पाहिलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"सायेब, अंडा शिळा हाये."

आवाज बायांमधून आला होता. रंभाबाई, सेवकरामची बायको. तिला स्वतःलाच आपला आवाज मोठा वाटला असावा. पण आता सगळे वळून पाहत होते.

सेवकराम दबक्या आवाजात तिला घरी जा म्हणाला. ती गेली नाही. पुढे आली, घागरीतलं साधं पाणी एका पितळी गंजात घेतलं आणि बादलीतलं अंडं त्यात सोडलं. अंडं त्यातही तरंगलं.

"शिळा अंडा बिनमिठाच्या पाण्यातही तरंगते जी. ताजा पायजे."

शेजारच्या बेबीबाईच्या घरून सकाळचं अंडं आलं. बादलीत ते सरळ बुडालं. रंभाबाई मीठ टाकत गेली, ढवळत गेली, थांबत गेली. अंडं वर आलं आणि त्याचा चार आण्याएवढा भाग पाण्याबाहेर दिसू लागला, तेव्हा तिने हात थांबवला. अंडं बाजूला काढून तिने बादलीतलं धान हाताने खालवर केलं. मघाशी चोख ठरलेल्या बियाण्यातलं पसाभर धान आता वर येऊन फिरू लागलं. तिने त्यातला एक दाणा दातांत फोडून यादोरावापुढे धरला. आत अर्धाच तांदूळ होता. मग तिने सांगितलं, की बुडालेलं बियाणं साध्या पाण्यात दोनदा धुवायचं, नाहीतर खारामुळे ते उगवणार नाही.

साहेबांनी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस.

तिने ओला हात पदराला पुसला. ताराचंदने डोळे मिटून घेतले होते.

त्या उन्हाळ्यात सरकारी जीप दिसली की गावातले गडी जंगलात शिरायचे. शिकवायला नेतो म्हणतात आणि नसबंदी करून सोडतात, असं जो तो बोलायचा. ताराचंदच्या यादीतले दहाच्या दहा गडी, सेवकरामसकट, त्या सकाळी पसार झाले. जीप रिकामी न्यायची त्याची छाती नव्हती. तेव्हा रंभाबाई पुढे झाली होती. चार लेकरांनंतर तिचं ऑपरेशन झालंच होतं. आता माह्यं काय कापतीन, म्हणाली होती. शहापूरला पाचही दिवस ती दाराजवळ बसली. दुसऱ्यांनी प्यायल्याशिवाय तिने चहाला तोंड लावलं नाही. हजेरीला सेवकराम हे नाव आलं की नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं म्हणून ती नुसता हात वर करायची. ताराचंदने वहीत तेच नाव राहू दिलं.

"मीच गेल्ती," ती म्हणाली.

सेवकराम हातातलं रिकामं सूप बघत होता. साहेबांनी त्याला काहीच विचारलं नाही. त्यांनी रंभाबाईला विचारलं, मग गप्प का नाही राहिलीस, कोणाला कळलं नसतं.

"हे सारे चुकीचं शिकून घरी गेले असते जी. मंग धानाच्या बांधीत काय उगवलं असतं?"

ताराचंदला साहेबांनी उद्या भंडाऱ्याला हजर व्हायला सांगितलं. मग वही उघडली, सेवकरामचं नाव खोडलं, वर काहीतरी लिहिलं आणि शाईची डबी पुढे सरकवली. तिथे तिने अंगठा लावायचा होता.

बायांमध्ये कुजबूज झाली. बाईचं नाव सरकारला कायले पायजे, कोणीतरी म्हणालं. सेवकराम जवळ आला आणि पहिल्यांदाच तिच्याशी मऊ आवाजात बोलला.

"नोको लावू. कागद हाये. काय लिवलं का मालूम."

रंभाबाईने अंगठा शाईत बुडवला. पण वहीवर टेकवला नाही.

"वाचून दाखवा सायेब."

साहेबांनी वाचलं. रंभाबाई, राहणार दिघोरी, जिल्हा भंडारा. प्रशिक्षण पूर्ण.

तिने ऐकून घेतलं. जांभळा अंगठा तसाच वर धरून, दुसऱ्या हाताने तिने वही ताराचंदकडे फिरवली.

"आता तुमी वाचा."