काठीनं पारखलेलं घोंगडं

हे लिहिणारच नव्हतो, कारण माझा दोस्त, धनगराचा संपत, यानं मला मेंढ्या हाकायच्या काठीनं झोडपलं आणि ते बी मीच सांगितलं म्हणून. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चाला जालन्याला जायचं होतं. लाठ्या पडणार, असं वाटूरच्या फाट्यावर सगळेच बोलून राह्यले होते. म्हणून सदऱ्याच्या आत काय बांधावं, ते आम्ही दोघं पारखून राह्यलो होतो.

आधी तेलाच्या डब्याचा पत्रा बांधला. एकाच फटक्यात तो वाकला आणि बरगडीत रुतला. मंग ट्रकच्या टायरचा तुकडा बांधला, तर मला खालीच बसता येईना. शेवटी संपतनं खांद्यावरचं घोंगडं काढलं, चौघडी करून माझ्या पाठीला लावलं आन काठी हाणली.

"लागलं का, रायभान?"

"न्हाई. जोरात हाण."

"जोरातच हाणली, लेका."

घोंगडं बौद्धवाड्यातल्या पोराला दिल्याचं कळलं असतं तर त्याच्या बापानं त्याला घरात घेतलं नसतं. तरी संपत सुतळी घेऊन आला.

"पाठीवरच बांधतो. पळताना पाठीवरच बसतात."

"पुढून बांध," मी म्हणलो.

त्यानं मला आपल्याकडं वळवलं. मंग घोंगडं माझ्या छातीवर धरून गाठ बराबर आवळली.

"थंडी पडायच्या आत परत पाहिजे मला. मेंढ्या घेऊन लांब जायचंय."

"दुसऱ्याच्या हाती धाडणार न्हाई," मी म्हणलो. "मीच आणून देतो."