एकच नाव हवं

गाडीचं मागचं दार उघडताच पहिलं खोकं ड्रायव्हरच्या पायावर आदळलं. त्याने शिवी हासडली आणि आत पाहिलं. काचेचं कपाट कोसळलं होतं, तेही नेमकं पलंगावर. पलंग साधा नव्हता. आजारी माणसासाठीचा, हँडल फिरवलं की डोक्याकडून वर उचलला जाणारा. त्याची चौकट पार वाकली होती.

दारात उभ्या असलेल्या बाईने आरडाओरडा केला नाही. "बाबांना चार वाजता हॉस्पिटलमधून घरी आणताहेत," एवढंच ती म्हणाली. पुढच्या खोलीतलं सगळं सामान हलवून तिने पलंगापुरती जागा मोकळी करून ठेवली होती. फरशी पुसलेली होती. ड्रायव्हरला तिथे बघवेना.

हे रोजचंच झालं होतं. पहिल्या घरचं सामान पार आत, शेवटच्या घरचं दाराशी. हलक्या खोक्यांच्या उरावर जड खोकी. रोज रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तो अर्धा माल उतरवायचा आणि पुन्हा लावायचा. माल आवळायचे पट्टे झिजून तुटले, ते कंपनीने नवे दिलेच नाहीत. "गाडी जपून चालवली की पट्टे कशाला लागतात?" असं साहेब म्हणाले होते.

उरलेला माल कसाबसा पोचवून तो तडक गोदामात गेला. आज गाडी भरणाऱ्या म्हाताऱ्या हमालाला सोडायचं नाही, असं ठरवूनच.

हमाल एकटाच होता. बोटांना खोकी चिकटवायची टेप गुंडाळलेली, आणि समोर भरायच्या चार गाड्या.

"काका, डोळे मिटून माल भरता काय?"

"मिटायला वेळ कुठाय?" मान वर न करता हमाल म्हणाला. "पाच जण होतो. आधी दोघांना काढलं, मग आणखी दोघांना. आता पाचही मीच."

"आणि लोकांच्या शिव्या मी खायच्या?"

"तुला निदान कुणी शिव्या तरी देतं. मला विचारायला कोण येतं इथे?"

  ड्रायव्हरने वाकून त्याच्या खोक्याची दुसरी बाजू उचलली.

दोन दिवसांनी दोघांनाही ऑफिसात बोलावणं आलं. निघताना ड्रायव्हरला बायकोने बजावलं, "कुणाची भीड धरू नकोस. तो म्हातारा तुझं नाव सांगून मोकळा होईल. त्याआधी तू सांग."

साहेबांनी कोरा कागद ड्रायव्हरपुढे सरकवला. "त्या बाईंची तक्रार वरपर्यंत गेलीय. मला एकच नाव हवं. माल नीट लावला नाही, की गाडी नीट चालवली नाही? ज्याची चूक, तो उद्यापासून घरी. दुसऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"आणि पट्टे नव्हते, ते?"

"कागदावर माणसाचं नाव लिहायचंय."

शेजारच्या खोलीत हमालाची चौकशी चालली होती. मधल्या काचेतून तो दिसत होता. हातवारे करून काहीतरी पटवून देत होता. एकदा दोघांची नजरानजर झाली, तर त्याने चटकन तोंड फिरवलं. बायकोचं खरं होतं तर.

ड्रायव्हरने पेन उचललं, परत ठेवलं. खिशात लायसन होतं. आज ना उद्या कुठलीतरी गाडी मिळालीच असती. पण साठीला टेकलेल्या, कंबर कामातून गेलेल्या माणसाला दारात कोण उभं करणार? तो नाव सांगत असेल तर सांगू दे. दोन्ही कागदांवर एकच नाव आलं की प्रश्न मिटला.

त्याने लिहिलं, वळणावर मी गाडी वेगात घेतली. माल व्यवस्थित भरलेला होता.

सही करून तो बाहेर आला. हमाल पायरीवर बसून होता.

"झालं काका. जा आता, गाड्या खोळंबल्या असतील."

हमालाने वर पाहिलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच हसला.

"गाड्या आता दुसरा कोणी भरेल," तो म्हणाला. "तू निर्धास्त राहा. माल मीच बेपर्वाईने लावला, म्हणून लिहून दिलंय मी आत."