उस्मानिया बिस्किटांचा डाव

"नाही आई, पुन्हा चुकलात. पोकरमध्ये कलर मोठा, सिक्वेन्स लहान."

दीपमालानं मध्ये मांडलेली उस्मानिया बिस्किटं सासूबाईंकडे सरकवली. "हा डावही तुमचाच."

"आमच्या दिवाळीच्या तीन पत्तीत सिक्वेन्सच वरचढ," भारतीबाई म्हणाल्या. "हे उलटं शास्त्र कुठून आणलंस गं?"

"ऑफिसातून. जेवणाच्या सुट्टीत सगळे हेच खेळतात."

"म्हणजे पगार ह्याचाच मिळतो होय!" म्हणत त्यांनी जिंकलेलं एक बिस्किट चहात बुडवलं.

गौलीगुड्याच्या त्या दोन खोल्यांत दुपार मांजरीसारखी पसरली होती. सुमित आईची औषधं आणायला कोठीच्या बाजारात गेला होता. तो यायच्या आत दीपमालाला एक गोष्ट जमवायची होती. सासरे गेल्यापासून भारतीबाई इथं एकट्या राहत होत्या. मियापूरच्या घरी त्यांच्यासाठी खोली तयार होती, पडदेसुद्धा त्यांच्या आवडीचे. पण विचारलं की उत्तर एकच, "हौ, बघू."

"आई, खरं सांगा. का येत नाही?"

"सगळ्याच सुना 'या' म्हणतात गं, तोंडानं. मग म्हातारी घरात जड होते." भारतीबाईंनी पत्ते पिसले. "काप मुकाट्यानं."

दीपमाला हट्टाला पेटली. "मग हा शेवटचा डाव. मी जिंकले तर तुम्ही आजच आमच्याबरोबर राहायला यायचं. हरले तर हा विषय पुन्हा काढणार नाही. शब्द देते."

भारतीबाईंनी चष्मा वर सरकवला. "माझाही शब्द."

पाच-पाच पत्ते वाटले. दीपमालानं एक बदलून घेतला आणि पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, कुणी इस्पिकची, कुणी चौकटची, फेर धरावा तशा तिच्या हातात उभ्या राहिल्या.

"सिक्वेन्स!" तिनं पत्ते मांडले.

भारतीबाईंनी आपले उघडले. पाचही बदाम, म्हणजे कलर.



"अगं बाई, तुझा सिक्वेन्स!" भारतीबाई हळहळल्या. "मग जिंकलीस की तू. हरले मी."

दुपारभर दीपमालानं ही चूक दर वेळी सुधारली होती. आताही तिनं तोंड उघडलं. मग मिटलं. घाईघाईनं सगळे पत्ते गोळा करून गड्डीत कोंबले.

"हो," ती म्हणाली. "जिंकले मी." तिचे कान लाल झाले होते.

भारतीबाई उठल्या, बॅग भरायला लागल्या. औषधं घेऊन आलेला सुमित दारातच बघत राहिला.

मियापूरच्या मेट्रोत दोघी शेजारी बसल्या. दीपमालाला त्यांच्याकडे बघवेना. गाडी सुटली तशी तिला राहवलं नाही.

"आई, मघाशी मी..."

"नक्को सांगू." भारतीबाईंनी तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "कलर मोठा, हे मला पहिल्याच डावात कळलं होतं. तू बोलतेस का गप्प बसतेस, तेवढंच बघायचं होतं."