दोघांचं वजन

माझ्या दवाखान्यातल्या काट्यावर शिंपीकाकांची आजारी कुत्री एकटी उभी राहत नाही. काका आधी तिला उचलून चढतात, मग एकटे; वजाबाकी मी करते. गेल्या महिन्यात दोघांचं मिळून सत्तर किलो भरलं होतं, आजही सत्तरच. म्हणजे एवढी महागडी औषधं पाण्यात गेली? मग काका एकटे चढले. काटा छप्पन्नावर थांबला. मागच्या वेळी अठ्ठावन्न होतं. कुत्री दोन किलो वाढली होती, काका तेवढेच उतरले होते. अंगातला शर्टही त्यांनी दोन्ही बाजूंनी टीप मारून आत घेतला होता. “काका, रात्री जेवता ना?” “भूकच नसते हो, डॉक्टरबाई. हिची गोळी मात्र एकदाही चुकवली नाही!” मी चिठ्ठीवर स्वस्तातली गोळी लिहिली आणि खाली ठळक अक्षरांत सूचना: रात्री एक, काकांचं पोटभर जेवण झाल्यावरच द्यावी.