चिंचेला टांगलेलं इंजिन

"इंजिन जागचं हलवायचं नाही, गाडी हलवायची," चिंचेच्या फांदीला साखळी-कप्पीनं टांगलेल्या इंजिनावर हात ठेवून ईरण्णा म्हणाला. त्याचे दोन जुने ड्रायव्हर दोस्त, इस्माईल आणि भुजंगराव, ट्रकला मागून खांदा लावून उभे होते. तिघांची वयं मिळून दोनशेच्या वर.

अंगणाच्या फाटकात भंगारवाला गॅसचा सिलिंडर घेऊन बसला होता. ईरण्णाच्या मुलानंच त्याला बोलावलं होतं. दिवस मावळायच्या आत ट्रक चालू झाला नाही, तर तो इथंच कापायचा, असं ठरलं होतं.

"काका, हे काम क्रेनचं आहे," भंगारवाला म्हणाला.

"मग क्रेन आणायचीस की. कापायचंच तेवढं घेऊन आलास," इस्माईल म्हणाला.

ट्रक वीतभर सरकून अडला. गिअरबॉक्सचा दांडा इंजिनात शिरेना. ईरण्णानं इंजिनाच्या तोंडाची पुली धरून इंजिन केसभर फिरवलं, दोस्तांनी पाठीनं रेटा दिला, तसा दांडा खट्‌दिशी बसला.

बोल्ट आवळून, साखळी सोडून, पाइप जोडून चावी फिरवली, तर इंजिन नुसतंच खोकलं.

"बाबा, आता पुरे," ओट्यावरून बघत असलेला मुलगा म्हणाला.

ईरण्णा खाली उतरून पुन्हा इंजिनावर वाकला. घाईत डिझेलच्या पाइपातली हवा काढायची राहिली होती. त्यानं नट ढिला केला आणि फेस संपून निव्वळ डिझेल येईपर्यंत इंजिनावरचा छोटा हातपंप मारला. मग पुन्हा चावी फिरवली. काळा धूर चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेला.

त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सिलिंडर उचल रे बाबा. फाटकातून गाडी काढायचीय मला."