मुशीचं तेल

"हा तिसरा डबा, बाबा. तिसरा. आणि झाकणावरचा कागदसुद्धा फाटलेला नाही."

बापाच्या पिशवीतून नारळ काढताना जयवंतीला मलमाचा डबा तळाशी तसाच सापडला. महादूने तो दातिवऱ्याहून परत आणला होता.

"कोणाला तरी दे. माज्याकडं पडूनच ऱ्हातो."

तो खिडकीजवळच्या स्टुलावर बसला होता. बोईसरला तिच्या खोलीवर आला की तो तिथेच बसायचा. तळवे मांडीवर उताणे. भेगांच्या कडा मिठाने पांढऱ्या पडलेल्या. आताशा जाळं ओढताना त्यातून रक्त यायचं. दोन हंगाम असेच गेले तर होडी विकावी लागेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मलम तिच्याच कारखान्यातलं. तिथल्या प्रयोगशाळेत ती आठ वर्षं स्निग्धाम्लं तपासत होती. बापाला तिने दहादा समजावलं होतं. कातडी म्हणजे होडी. पेशी म्हणजे फळ्या. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात, तशी पेशींच्या फटीत चरबी असते. ती गेली की आतली ओल टिकत नाही, कातडी तडकते.

"आणि तुम्ही काय करता? कपड्यांच्या साबणाने हात घासता. इथपर्यंत वास येतोय साबणाचा."

"साबणाचाच येतो ना?" महादूने तळवे हुंगले. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

तिने कपाळावर हात मारला. "मलम का लावत नाही?"

"पाण्यात टिकत नाय, बाय."

"मग आधी कसे नव्हते तुमचे हात असे?"

"वय झालं."

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तिने डबा पुन्हा त्याच्या पिशवीत कोंबला आणि त्याला एसटीत बसवून दिलं. निरोपही धड घेतला नाही.

बुधवारी महादू झोपेतच गेला.

तेरावं झालं. होडी दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर कोरडी उभी होती. नारळी पौर्णिमेआधी तिला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावायलाच हवं, नाहीतर फळ्या पाणी पितात. मैनाआत्याने तेलाचा डबा आणून वाळूत ठेवला. सोबत एक काठी, टोकाला फडकं बांधलेली.

"ही कशाला?" जयवंती म्हणाली. "बाबा तर हातानेच लावायचे."

"आदी लावायचा. मंग उरलेलं हातापायाला चोळायचा. लोण्यासारखे हात हुते माज्या भावाचे." आत्याने काठी तिच्यापुढे धरली. "तू बोईसरला लागलीस. तो पयल्यांदा तुज्या खोलीवर आला, आन् तू उठून खिडकी उघडलीस. तवापास्नं ही काठी. आन् तुज्याकडं निघाला का साबणानं घासघास घासायचा. मी वरडायची, तं म्हनं, पोरीकडं जायचं हाय."

जयवंतीने काठी घेतली नाही. तिने दोन्ही हात मनगटापर्यंत डब्यात बुडवले आणि पहिल्या फळीवर टेकवले. तो उग्र, खारट वास तिच्या अंगावर चढला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली. आत्याने वळून पाहिलं. कित्येक वर्षांत ती घरच्या बोलीत बोलली नव्हती. "ल्हानपनी हा वास आला का मला कळायचं, तू दर्यावरनं आलास. मंगच मला झोप लागायची."