आमच्या ढब्बूचा बोगदा

कापडी बोगद्याच्या तोंडाशी ढब्बू पाय रोवून बसला तो बसलाच. पलीकडून सूनबाई "ये बाळा, ये" करून घसा कोरडा करत होती. मैदानावर कुत्र्यांना कसरती शिकवणारे सर म्हणाले, "पिल्लू आजही आत शिरलं नाही, तर पुढच्या वर्गात नाही घेता येणार." सूनबाईचे डोळे भरले.

शेजारच्या शेंडेबाई आपल्या केसाळ कुत्रीला कुरवाळत म्हणाल्या, "असू दे हो. सगळ्यांचीच कुठं हुशार निघतात?"

कुत्रं घरात आणलं म्हणून मी सुनेशी अबोला धरला होता, ते खरं. पण आमच्या घरातल्याला नावं ठेवायची तर मी ठेवीन. शेंडेबाई कोण? पदर खोचला आणि रांगत शिरले बोगद्यात.

मधोमध अंबाडा अडकला. तेवढ्यात टाचेला ओलं नाक लागलं, अन् ढब्बू माझ्या पोटाखालून सुळकन निघून थेट सूनबाईच्या मांडीवर. टाळ्याच टाळ्या!

"आई, शिरला हो!" सूनबाई ओरडली.

"कळलं गं," मी आतून म्हटलं. "आता मला ओढून काढा. शेंडेबाई सोडून कुणीही चालेल."